माळासाठी मागणं

पांडुरंगा, तुझ्या आषाढीच्या दिंड्या सोलापूर जिल्ह्यात शिरतात तेव्हा आमच्या माळावर पवन्या गवत नुकतं हिरवं होऊ लागलेलं असतं. याच दिवसांत नान्नजच्या माळावर माळढोकाचा नर एखादा उंचवटा धरून उभा राहायचा. शेपूट पाठीवर उभारलेलं, गळ्याची पांढरी पिशवी फुगून खाली लोंबलेली, आणि आतून निघणारा तो घुमका आवाज लांबच्या बांधापर्यंत पोचायचा. मीटरभर उंचीचा, पंधरा किलोपर्यंत भरणारा हा तुझा पक्षी. १९७९ साली त्याच्यासाठी इथं अभयारण्य झालं. आता गणनेच्या रात्री एखादा दिसला तरी पेपरात बातमी येते. माळाचा ऊस झाला, वस्त्या वाढल्या, आणि तो गेला. देशभरात मिळून आता दीडशेही उरले नसतील. त्यातले बहुतेक राजस्थानात, जैसलमेरच्या बाजूला.

देवा, वीज नको असं मागायला मी आलेलो नाही. ते मागणं खोटं ठरेल. रात्री दोनला थ्री-फेज येते, तेव्हा घरचा कर्ता माणूस बॅटरी घेऊन चिखल तुडवत दारं धरायला निघतो. पाचटात घोणस असेल, ओल्या हाताने स्टार्टरची पेटी उघडायची असते, आणि तो परत येईपर्यंत घरात कुणाचा डोळा लागत नाही. जिथं सौर पंप बसले, दिवसा वीज मिळू लागली, तिथं हा माणूस आता रात्रीचा झोपतो. ही तुझीच कृपा, पांडुरंगा. उन्हातून वीज काढण्याची बुद्धी तूच दिलीस. कोळसा जाळून आम्ही जे उन्हाळे तापवले, त्यावर हाच उतारा आहे, हेही मी मनापासून मानतो.

पण ऊन जिथं सगळ्यात जास्त, त्याच थरच्या वाळवंटात माळढोक राहतो. पॅनेलांची वीज शहरांकडे न्यायची तर उच्च दाबाच्या तारा त्याच्याच माळावरून जातात. तू त्याला डोळे दिलेस ते डोक्याच्या दोन बाजूंना. चहूकडचा धोका दिसावा म्हणून दिलेस, पण समोरचं त्याला कमी दिसतं. तार नजरेला पडते तेव्हा ती अगदी पुढ्यात आलेली असते, आणि एवढं जड शरीर हवेत चटकन वळत नाही. मोकळ्या आभाळात काही आडवं येईल, हे त्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांना कधी शिकावंच लागलं नव्हतं. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. अशी एक मादी तारेला धडकून मेली की ती तूट भरून निघायला किती वर्षं लागतात, ते तुला सांगायला नको.

हा वाद न्यायालयातही गेला. शक्य असेल तिथं तारा जमिनीखाली घ्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला. एवढ्या लांबवर उच्च दाबाच्या तारा पुरणं अवघड आणि खर्चाचं आहे, सौरऊर्जेचं काम अडेल, असं सरकारने मांडलं. २०२४ मध्ये न्यायालयाने तो सरसकट आदेश बदलला आणि तज्ज्ञांची समिती नेमली. अडचण खरी आहे, मी नाकारत नाही. पण तडजोड म्हटली की दरवेळी पक्ष्यानेच मागं सरायचं, हे मला पटत नाही. आमच्याकडे नकाशे आहेत, अभियंते आहेत, बँका आहेत. त्याच्याकडे माळ सोडून दुसरं काही नाही.

त्याला वाचवायला धडपडणारी माणसंही यंत्रच हाती घेऊन उभी आहेत, त्यांना यश दे. जैसलमेरला २०१९ पासून माळावरची अंडी आणून यंत्रात उबवतात. पुढे तर रामदेवऱ्याच्या नराचं वीर्य सुमारे दोनशे किलोमीटरवरच्या सम गावच्या प्रजनन केंद्रात नेलं, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून माळढोकाचं पहिलं पिल्लू जन्मलं. त्या पिल्लाला आयुष्य द्यायचं तर जाळीबाहेर माळही राहू दे. जन्मभर पिंजऱ्यात ठेवण्यासाठी त्याला जन्माला घातलं, असं होऊ देऊ नकोस.

माळावर झाड नाही, पीक नाही, म्हणून जागा मोकळीच आहे असं समजायचं, ही आमची सवय तू मोड. तिथं काळवीट चरतं, लांडगी पिल्लं वाढवते, धनगराची मेंढरं पावसाळाभर पोट भरतात. गुजरातने २०१२ साली नर्मदेच्या कालव्यावर पॅनेल बसवून दाखवले. आमच्याकडेही उजनीचे कालवे आहेत, गोदामांची आणि कारखान्यांची छपरं आहेत. तिथं आधी बघायची बुद्धी दे. जिथं तार न्यावीच लागेल, तिथं ती वळवायचा, पुरायचा, निदान पक्ष्याला दिसेल अशी खूण तिच्यावर लावायचा खर्च वीज वापरणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या बिलात येऊ दे. दोन पैसे जास्त पडले तर कुरकुर न करता भरायचं बळ मलाही दे.

आणि पांडुरंगा, टेबलावर नकाशा पसरून, पट्टी ठेवून जो माणूस तारेची रेघ आखतो, त्याला एकदा पावसाळ्यात माळावर घेऊन ये. खांब रोवून झाल्यावर नको, त्याआधी आण.