आधी चेहरा, मग निवाडा

नांदेड किंवा लातूर रोड स्थानकावरून गाडी सुटते आणि डब्यात टाळ्यांचा आवाज येतो. प्रवाशांच्या माना खिडकीकडे वळतात. कुणी नाणे पुढे करतो, कुणी झोपेचे सोंग घेतो. दान होते, परंतु देणाऱ्याने घेणाऱ्याचा चेहरा पाहिलेला नसतो. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. तथापि आपण कुणाकडे कसे पाहावे हे न्यायालय ठरवू शकत नाही. ज्याला आपण पाहिलेच नाही, त्याचा निवाडा करण्याचा अधिकार आपल्याला पोहोचतो काय, असा प्रश्न आम्हांस पडतो.

एका चित्रकर्तीचे काम येथे विचारात घेण्यासारखे आहे. मार्लीन ड्यूमास यांचा जन्म १९५३ साली दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनचा. पुढे त्या ॲम्स्टरडॅमला स्थायिक झाल्या. पातळ केलेली शाई कागदावर सोडून त्या चेहरे काढतात. अशी शाई ओली असेतो पसरते आणि वाळल्यावर खोडता येत नाही. २०१४ साली सेंट पीटर्सबर्ग येथे त्यांनी ‘थोर पुरुष’ ही मालिका मांडली. संगीतकार चायकोव्हस्की, १९५२ साली न्यायालयाने दोषी ठरवलेले गणिती ॲलन ट्युरिंग अशा समलिंगी पुरुषांचे ते चेहरे होते. याच ड्यूमास यांनी १९९४ साली शाई व जलरंग वापरून प्रभू येशूचे एकवीस चेहरे काढले होते.

त्या पुरुषांचा प्रश्न प्रेमाचा होता, तृतीयपंथीयांचा प्रश्न स्वतःच्या देहाचा आणि ओळखीचा आहे. हे दोन्ही एक नव्हेत. परंतु समाजाची रीत दोघांच्या बाबतीत सारखीच आहे: नावे आधी ठेवायची, माणूस नंतर पाहायचा, किंवा पाहायचाच नाही.

यावर कुणी विचारील, मग ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीचे काय? ती स्पष्ट आहे. एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डिग्निटास इन्फिनिटा’ या दस्तऐवजात देह हे देवाचे दान मानले आहे आणि लिंगबदलाच्या उपचारांविषयी गंभीर इशारा दिला आहे. त्याच दस्तऐवजात, केवळ लैंगिक कलामुळे माणसांना तुरुंगात टाकणे, छळणे वा ठार मारणे याचा धिक्कारही आहे. २०२३ साली व्हॅटिकनने असेही कळवले की, श्रद्धावंतांत गोंधळ वा अपप्रवाद निर्माण होणार नसेल तर तृतीयपंथी व्यक्तीला इतरांप्रमाणेच स्नानसंस्कार घेता येतो.

काहीजण पहिली गोष्ट हाती धरून चेहऱ्याकडे पाठ फिरवतात. काहीजण चेहरा पाहून शिकवणूकच सोडून देतात. मार्काच्या शुभवर्तमानातील श्रीमंत माणूस दोघांनाही उत्तर देतो. प्रभूने त्याच्याकडे निरखून पाहिले, त्याच्यावर प्रीती केली आणि त्यानंतर त्याला सर्वांत कठीण गोष्ट सांगितली. प्रीतीमुळे सत्य सौम्य झाले नाही आणि सत्यासाठी प्रीती थांबून राहिली नाही. तो माणूस खिन्न होऊन निघून गेला. तरीही प्रभूने त्याला पाहिले नव्हते असे कुणी म्हणू शकत नाही.

पाहणे म्हणजे संमती नव्हे. ते प्रत्येक माणसाचे आपल्यावरील ऋण आहे. उद्या आपल्याच धर्मग्रामातले एखादे लेकरू आईबाबांसमोर खाली मान घालून स्वतःविषयी असे काही सांगू लागेल. त्या वेळी कोणता शब्द बोलावा यासाठी धर्मगुरूंचा सल्ला अवश्य घ्यावा. परंतु त्याची हनुवटी वर उचलून त्याच्याकडे पाहण्यासाठी कुणाच्या सल्ल्याची वाट पाहू नये.