पोकळ आवाज

एका गावात दोन भाऊ होते. शेताच्या बांधावरून त्यांचं बिनसलं आणि धाकटा घर सोडून शहरात गेला. बरीच वर्षं बोलणं नव्हतं. मग एका श्रावणात त्याचा निरोप आला, यंदा दिवाळीला येतो. थोरल्याने घर नीट करायला काढलं.

बैठकीच्या भिंतीला खिडकीखाली गिलावा फुगून पोपडा पडला होता. थोरल्याने पुट्टी आणली, खड्डा एका दमात भरला आणि वरून रंग मारला. संध्याकाळी भिंत नवी दिसत होती. आठवड्यात तिथे बारीक भेगा पडल्या. पंधरवड्यात सगळा थरच सुटून हातात आला.

शेवटी त्याने गावातल्या म्हाताऱ्या रंगाऱ्याला बोलावलं. तो गवंडीकामही जाणायचा. म्हाताऱ्याने भिंत पाहिली आणि काही न बोलता घराच्या मागे गेला. वरची पन्हाळ फुटली होती. पाणी भिंतीत मुरत होतं.

"दादा, आधी ही बदला. आत ओल आहे तोवर वर काहीही लावा, टिकायचं नाही."

पन्हाळ बदलली. भाद्रपद सरता सरता पाऊस थांबला, भिंत वाळली, तेव्हा म्हातारा परत आला. थापीच्या दांड्याने त्याने हळूहळू भिंत ठोकली. कुठे टणक आवाज येई, कुठे पोकळ. पोकळ वाजेल तिथे त्याने खडूने खूण केली आणि छिन्नी लावून तेवढा गिलावा पाडला. तळहाताएवढा खड्डा परातीएवढा झाला.

"मामा, बुजवायला बोलावलं, तर तुम्ही वाढवून ठेवलंत!"

"वाढवलं नाही, दादा. एवढं आधीच सुटलेलं होतं. तुम्हाला दिसत नव्हतं, इतकंच."

त्याने खड्ड्यातली धूळ ब्रशने काढली आणि कडा पाण्याने भिजवल्या. कोरडी भिंत मालातलं पाणी ओढून घेते, मग माल धरत नाही. एक भाग सिमेंट, चार भाग वाळू, असा माल त्याने दोन थरांत भरला आणि शेजारच्या भिंतीपेक्षा किंचित खाली ठेवला. 7 दिवस थोरल्याने रोज त्यावर पाणी मारलं. त्यानंतर माल वाळेपर्यंत म्हातारा फिरकलाच नाही.

मग पुट्टी. पत्र्याने ओढलेला पातळ थर, तो सुकल्यावर दुसरा. खड्ड्याच्या कडेशी तो थांबला नाही. जुन्या भिंतीवरही वीतभर पुट्टी ओढत नेली, म्हणजे जोड कुठे सुरू होतो ते कळू नये. सगळं वाळल्यावर त्याने नाकाला फडकं बांधलं, 180 नंबरचा पॉलिश पेपर घेतला आणि गोल गोल घासू लागला.

थोरल्याने हात फिरवून पाहिला. "झालं की, मामा!"

म्हाताऱ्याने त्याच्या हातात दिवा दिला. "भिंतीला लागून धरा."

थोरल्याने दिवा कडेने धरला. समोरून सपाट दिसणाऱ्या भिंतीवर सावल्या उठल्या, प्रत्येक उंचवटा दिसू लागला. म्हाताऱ्याने त्या सावल्या पाहत पाहत 220 नंबरच्या कागदाने हलक्या हाताने घासलं. जोर लावला तर भरलेलंच निघून येतं. शेवटी धूळ पुसून त्याने प्रायमर लावला. रंग चढल्यावर खड्डा नेमका कुठे होता, ते थोरल्यालाही सांगता येईना.

समोरून पाहिलं की माणसामाणसांतलंही पुष्कळदा सपाटच वाटतं. घाईने भरलेले गोड शब्द मात्र सुटलेल्या गिलाव्यावर बसतात आणि त्याच्याबरोबरच गळून पडतात. सुटलेलं आधी मोकळं करावं लागतं. तेव्हा जखम मोठी दिसते, आणि तिथेच बहुतेकांचा धीर सुटतो.

दिवाळीला धाकटा आला. 'झालं गेलं गंगेला मिळालं' असं म्हणायचं थोरल्याने श्रावणातच ठरवून ठेवलं होतं. तो ते बोलला नाही. फराळ झाल्यावर त्याने मोजणीचा नकाशा काढून धाकट्यापुढे ठेवला.

"बांध मी सरकवला होता. किती, ते उद्या शेतावर जाऊन मोजू."

धाकटा बराच वेळ नकाशाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आई आजारी होती, तेव्हा मला कळवलं होतंस. मी मुद्दाम आलो नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे फीत घेऊन शेतावर गेले. मोजणी दुपारपर्यंत चालली. दोनदा आवाज चढले. पण मोजणी अर्धी टाकून कोणीच घरी परतलं नाही.