ओट्यावर कोण बसणार?



मे महिन्याची सुट्टी लागली की आपल्या वसईत एक विषय हमखास निघतो. लग्नाच्या मांडवात, ट्रेनच्या डब्यात, मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात जुनी मंडळी सांगू लागतात : आमचे बालपण काय होते! सकाळी घराबाहेर पडायचे ते दिवेलागणीला परतायचे. बावखलात डुंबायचे, चिंचा-बोरे पाडायची, विटीदांडू आणि लगोरी खेळायची. कुठे होतास, म्हणून कोणी विचारत नसे. आणि आजची मुले? शाळा, क्लास, मोबाइल आणि चार भिंती. आम्ही मोकळे होतो, ही बिचारी कैदेत आहेत, असा निष्कर्ष निघतो आणि सर्वजण सुस्कारा टाकतात.

हा सुस्कारा खोटा आहे, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु 'उपदेशक' या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात एक इशारा आहे : पूर्वीचे दिवस आजच्यापेक्षा चांगले का होते, असे विचारणे शहाणपणाचे नाही. म्हणून सुस्काऱ्याआधी थोडा विचार करू या.

पहिली गोष्ट, आपली आठवण निवडक असते. संत ऑगस्टीन आपल्या 'कन्फेशन्स'मध्ये लहानपणी शाळेत खाल्लेल्या माराविषयी लिहितात. पुढे 'देवाचे नगर' या ग्रंथात तर ते म्हणतात की, मरण किंवा पुन्हा बालपण यांतून एक निवडायला सांगितले, तर माणूस मरणच पत्करील! हे आपल्याला टोकाचे वाटेल. पण आपल्याच घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांना विचारून पाहा. भाऊ बावखलात पोहत असताना त्यांच्या कडेवर धाकटे भावंड आणि डोक्यावर पाण्याची कळशी होती. अनेकींची शाळा त्यापायी सुटली. १९९२-९३ साली झालेल्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १०९ बालके पाच वर्षांची होण्याआधी दगावत होती. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत हा आकडा ४२ वर आला. त्याआधीच्या पिढ्यांत तर ज्या घरातले एकही मूल गेले नाही, असे घर विरळाच. बावखलाच्या आठवणी सांगायला जे उरले, त्यांच्याच आठवणी आपण ऐकतो.

आणखी एक कटू सत्य आहे. त्या मोकळ्या जगात काही मुलांवर ओळखीच्याच माणसांकडून अत्याचार होत आणि घराच्या अब्रूसाठी ते दडपले जात. हे सांगताना चर्चला वगळता येत नाही. आपल्या देशात २०१२ साली बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा कायदा झाला, २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी अशा तक्रारींची नोंद व चौकशी करण्याचे नियम साऱ्या चर्चसाठी घालून दिले. मुलांना एकटे सोडताना आजचे आईबाप कचरतात, ते केवळ भित्रेपणाने नव्हे.

मग जुन्या दिवसांत खरोखर मोलाचे असे काय होते? लूकच्या शुभवर्तमानातील बारा वर्षांच्या येशूची गोष्ट आठवा. वल्हांडण सणाहून परतताना पवित्र मरिया आणि संत योसेफ एक दिवसाची वाट चालून गेले, तरी मुलगा बरोबर नाही हे त्यांच्या ध्यानात आले नाही. ते बेफिकीर होते का? नाही. तो नातलगांच्या, ओळखीपाळखीच्या लोकांच्या घोळक्यात असेल, असे त्यांनी धरले होते. त्या काफिल्यात प्रत्येक मोठा माणूस प्रत्येक मुलाचा काका नाहीतर मामा होता. येशूचे मोकळेपण या विश्वासावर उभे होते.

आपल्या वाड्यांतही तसेच होते. कोणी विचारत नसे, असे आपण म्हणतो खरे, पण ओट्यावर भाजी निवडत बसलेल्या आजीला सगळे ठाऊक असे. कोणाचा मुलगा कोणाच्या झाडावर चढला, कोण पाण्यात फार वेळ राहिला, हे ती पाहत होती आणि वेळ पडल्यास परक्याच्या मुलाचाही कान धरत होती. मुलांना ती नजर जाणवत नव्हती, म्हणून ते दिवस मोकळे वाटतात. ते स्वातंत्र्य मोठ्यांनी एकमेकांवर विश्वास ठेवून मुलांना दिलेली देणगी होती.

आता प्रश्न अवघड होतो. ही देणगी बंद कोणी केली? वाड्या विकल्या, बावखले बुजवली, कुंपणाच्या जागी भिंती घातल्या, अंगणात गाडी उभी केली, हे मुलांनी केलेले नाही. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेली होती. गर्दीला आपण एकटे जबाबदार नाही, हेही खरे. पण शेजारच्या इमारतीत राहायला आलेल्या कुटुंबाचे नाव आपल्याला माहीत आहे का? आवारात आलेला चेंडू आपण हसून परत करतो की ओरडून? जे आपणच काढून घेतले, ते नाही म्हणून मुलांना बिचारे म्हणणे न्यायाचे नाही.

बालपणावर प्रेम करणे आणि बालकावर प्रेम करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रूसो या तत्त्वज्ञाने १७६२ साली 'एमिल' लिहून मुलाच्या नैसर्गिक वाढीचा पुरस्कार केला. आपली स्वतःची पाचही अपत्ये मात्र त्याने अनाथालयात पाठवली. उलट, संत जॉन बॉस्को यांनी १८४१ पासून तुरिन शहरात पोटासाठी आलेल्या मुलांना गोळा केले, त्यांना अंगण दिले आणि स्वतः त्यांच्यात धावले, खेळले. मुले मनसोक्त ओरडत, पळत. आणि त्यांच्यावर जीव असलेला मोठा माणूस तेथे हजर असे.

जखऱ्या संदेष्ट्याच्या आठव्या अध्यायात एक चित्र आहे. हद्दपारीहून परतलेले लोक पडक्या यरुशलेमकडे पाहत असताना देव त्यांना वचन देतो : नगराच्या रस्त्यांत म्हातारे आणि म्हाताऱ्या हाती काठी घेऊन बसतील आणि तेच रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरून जातील. खेळणारी मुले येथे पुढे येणाऱ्या दिवसांत आहेत, आणि त्यांच्या आधी बसलेले वृद्ध दिसतात.

म्हणून आमची एक विनंती आहे. या सुट्टीत प्रत्येक समूहाने आपल्या भागात एक जागा ठरवावी आणि संध्याकाळी दोन तास चार मोठ्या माणसांनी तेथे पाळीपाळीने खुर्च्या टाकून बसावे. सूचना देऊ नयेत, स्पर्धा भरवू नयेत, फक्त बसावे. एकट्या माणसावर हे काम सोडू नये. नव्या शेजाऱ्यांच्या मुलांनाही बोलवावे, मग ती कोणत्याही धर्माची असोत. आणि घरकामात अडकलेल्या मुलींना आधी. खेळ काय खेळायचा, ते मुले पाहून घेतील.

प्रभू आपल्या सर्वांना, आणि विशेषतः आपल्या लेकरांना, आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू