कागद बोलतो तेवढं

आमच्या घराला गावात छत्रीवाल्यांचं घर म्हणतात. आडनाव वेगळं आहे, पण पाव्हण्यानं आडनाव घेऊन विचारलं तर चार घरं सापडतील. छत्रीवाले म्हणालं की कुणाचंही पोरगं थेट आमच्या दारात आणून सोडतं. कारण काय, तर माझा आजा दुसऱ्या महायुद्धात छत्री बांधून विमानातून उडी टाकणाऱ्या पलटणीत होता, ब्रह्मदेशात जपान्यांच्या पाठीमागं उतरला होता. ही गोष्ट मी पारावर ऐकली, शाळेत ऐकली, बापाकडून ऐकली. ज्याच्या तोंडून ऐकायची त्याच्या तोंडून मात्र कधी ऐकली नाही. लढाईचा विषय निघाला की आजा उठायचा आणि गोठ्यात गव्हाणीकडं जायचा. बैलांना वैरण टाकलेली असली तरी पुन्हा टाकायचा. १९८६ साली तो गेला.

मेलेल्या माणसानं जे झाकून ठेवलं ते नातवानं उकरावं का? हा प्रश्न काही मला आधीपासून पडलेला नव्हता. निमित्त ग्रामपंचायतीचं झालं. गावातल्या लष्करी माणसांच्या नावांचा फलक लावायचं ठरलं. सातारा जिल्ह्याला यात काही नवीन नाही, अपशिंगे गाव तर नावातच मिलिटरी घेऊन बसलंय. माझ्या चुलतभावाचं म्हणणं, आजाच्या नावापुढं 'छत्रीधारी सैनिक' असं ठळक लिहायचं. सरपंच म्हणाले, लिहू की, पण कागद द्या.

कागद एकच होता. आजाचं लष्करातून सुटल्याचं सर्टिफिकेट, ट्रंकेत धडप्यात बांधलेलं. तेसुद्धा राहिलं ते आज्जीमुळं. जिल्हा सैनिक कार्यालयाकडून महायुद्धातल्या माणसांना आणि त्यांच्या विधवांना जी मदत मिळायची तिच्यासाठी तिनं ते जिवापाड सांभाळलं. त्यावरचा नंबर घेऊन माझ्या थोरल्या लेकीनं बेळगावला मराठा रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र घातलं. उत्तर आलं त्यात दोन गोष्टी होत्या. पेन्शनीत न गेलेल्या जवानाची सगळी कागदपत्रं पंचवीस वर्षं ठेवतात आणि मग नष्ट करतात, तशी आजाची झाली. कायम राहतो तो लाँग रोल. लाँग रोल म्हणजे एक मोठी वही, तिच्यात एका माणसाला एक ओळ. नंबर, नाव, बापाचं नाव, गाव, भरती १९४०, सुटका १९४६. आणि पलटण, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन.

चौथी बटालियन छत्रीवाली नव्हती. साधी पायदळाची पलटण.

लेकीनं तो कागद वाचला आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. चुलतभाऊ म्हणाला, "कागदात चूक असंल. इंग्रजाचं कारकून काय, कायबी लिवायचं." पण पोरीला चैन पडेना. तिच्या ओळखीतला एक मुलगा लंडनला शिकायला होता. तिथं क्यू नावाच्या भागात नॅशनल अर्काइव्हज म्हणून सरकारी दप्तरखाना आहे. महायुद्धातल्या पलटणींच्या रोजनिश्या तिथं ठेवल्यात. कुणीही जावं, वाचकाचं कार्ड काढावं, गठ्ठा मागवावा, मोबाईलवर फोटो काढावेत, पैसा पडत नाही. त्यानं फोटो पाठवले. लेक रोज संध्याकाळी पडवीत बसून ते वाचायची आणि मला मराठीत सांगायची. मी दहावी शिकलेला, इंग्रजी अक्षर लावता येतं पण ओळ लागत नाही.

असं समजलं. १९४४ च्या मार्चमध्ये जपानी फौज चिंदविन नदी ओलांडून मणिपूरवर आली. उखरूलच्या बाजूला डोंगरात सांगशाक म्हणून तांगखुल नागांचं गाव आहे. त्या वाटेवर आपल्याकडची पन्नासावी पॅराशूट ब्रिगेड होती. तिच्यात दोन बटालियनी खऱ्याखुऱ्या छत्रीवाल्या, एकशे बावन्नावी आणि एकशे त्रेपन्नावी. आणि त्यांच्या जोडीला कोण, तर आमची चौथी मराठा. म्हणजे छत्रीवाल्यांच्या बरोबर होता, छत्रीवाला नव्हता. पण लढाईच्या दिवसांत असा भेद कोण करतं! २२ मार्चपासून २६ मार्चच्या रात्रीपर्यंत हे सगळे त्या टेकाडावर वेढ्यात होते. खडक इतका वर की तीन फुटाखाली खंदक जाईना. काटेरी तार नाही. वर पाणी जवळजवळ नाही. विमानं यायची आणि रसद छत्र्यांना बांधून टाकायची, पण जागा एवढी लहान की बऱ्याच छत्र्या जपान्यांच्या बाजूला जाऊन पडायच्या.

इथं मी लेकीला थांबवलं. कारण आजाचं लढाईबद्दलचं एक वाक्य, सबंध आयुष्यात एकच, मला माहीत होतं. १९७१ च्या डिसेंबरात पाकिस्तानशी लढाई चालू असताना टांगाइलला आपली छत्रीची पलटण उतरली. ती पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन, मूळची मराठ्यांचीच. पारावरच्या रेडिओपाशी ही गर्दी. मी दहा वर्षांचा, पुढंच बसलेलो. कुणीतरी आजाला विचारलं, "तात्या, तुमच्या येळंला व्हत्या का वो छत्र्या?" आजा म्हणाला, "व्हत्या. आमच्या डोळ्यांदेखत तिकडं गेल्या." आणि उठून घरी आला. त्या एका वाक्यावर गावानं बाकीची गोष्ट रचली. 'छत्र्या तिकडं गेल्या' म्हणजे 'आम्ही छत्र्या घेऊन तिकडं गेलो'. कुणी खोटं बोललं नाही. आजानंही कधी दुरुस्त केलं नाही. खरं सांगायचं तर तहानेल्या माणसांच्या डोळ्यांसमोरून रसद वाऱ्यानं शत्रूकडं गेली, हे सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा लोक म्हणतात ते म्हणू देत, असं त्याला वाटलं असणार. हा माझा अंदाज.

रोजनिशीतली आणखी एक गोष्ट माझ्या मनात रुतली. अधिकारी पडला की त्याचं नाव लिहिलेलं असतं, हुद्द्यासकट. जवान पडले की आकडा. एक साहेब आणि पुढं इतर बारा, असं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या यशवंत घाडगेंचं नाव राहिलं, पुतळाही झाला, ते योग्यच. पण बाकीचे आकड्यातच गेले. आणि ज्यांच्या गावात हे सगळं चाललं त्या तांगखुल लोकांचा आकडासुद्धा त्या पानांत नाही. माझ्या वावरात कुणी खंदक खणला असता तर मी काय केलं असतं, हा विचार मला एक शेतकरी म्हणून सोडत नाही. त्यांची घरं, त्यांचं चर्च, त्यांची खाचरं, सगळं त्या पाच दिवसांत गेलं.

२६ तारखेला रात्री निघून जायचा हुकूम आला. जे चालू शकत होते ते अंधारातून, दरीतून, रानातून इंफाळच्या वाटेला लागले. चालू न शकणारे जखमी मागं ठेवावे लागले.

आता हे वाक्य. लेकीनं वाचलं, मी ऐकलं आणि आम्ही दोघंही गप्प बसलो. कारण आमच्या घरात एक रीत होती. दरसाल शाळूचं खळं झालं की आजा एक पोतं गाडीत टाकून आठ कोसांवरच्या एका गावाला जायचा. तिथं त्याच्या पलटणीतल्या दोस्ताचं घर. दोस्त ब्रह्मदेशाच्या लढाईत गेलेला, मागं बायको आणि एक पोरगा. पोतं उतरवायचं, चहा प्यायचा, माघारी यायचं. १९७२ च्या दुष्काळात आमच्याच घरात मिलो खायची पाळी आली होती, त्या साली आजा रिकाम्या हातानं गेला, पण गेला. आज्जीनं कधी का म्हणून विचारलं नाही.

लेकीनं त्या दोस्ताचं नाव शोधलं. पडलेल्या सैनिकांची यादी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ठेवतं, ती कुणालाही बघता येते. जवानांचीही असते, आणि बऱ्याच नावांपुढं बापाचं नाव, बायकोचं नाव, गाव, जिल्हा. गावाचं स्पेलिंग असलं की मोठ्यानं वाचून बघितल्यावर कळलं. नाव होतं रंगूनच्या स्मारकावर. हे स्मारक ज्यांचा देह सापडला नाही, दहन-दफन झाल्याची नोंद नाही, अशांचं. जवळजवळ सत्तावीस हजार नावं आहेत त्याच्यावर. ज्यांना अग्नी मिळाला त्यांचं स्मारक इंफाळला वेगळं आहे. आणि तारीख होती २७ मार्च १९४४.

म्हणजे निघाले २६ च्या रात्री, आणि मरण २७ चं. देह नाही.

त्या घरी मात्र गोष्ट वेगळी होती. आजानं १९४६ ला येऊन त्या बाईला सांगितलं होतं, छातीत गोळी लागली, जागच्या जागी गेला, डोकं माझ्या मांडीवर होतं. तिनं ते आयुष्यभर धरून ठेवलं आणि पोराला सांगितलं.

खरं बोलावं हे आपल्याला शाळेत शिकवतात. पण किती खरं? कागदावर आहे ते खरं, इथवर ठीक. कागदावरच्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मधली तिसरी दिसायला लागते, ती खरी की आपल्या मनाची? आमच्याकडं बांधाचं भांडण असलं की दोन जुन्या खुणांवरनं हद्द कुठं असावी हे दिसतं सगळ्यांना. पण मोजणी आल्याशिवाय शहाणा माणूस दगड रोवत नाही. इथं मोजणी येणारच नव्हती. आणि तारखेचं म्हणाल तर फौज माघारी आल्यावर हजेरी घेतली, जो आला नाही त्याला त्या दिवसाची तारीख पडली, असंही होऊ शकतं. मग आजाची मांडी खरी. किंवा आजानं एका बाईला जगता यावं म्हणून दिलेली ती भाकरी असेल. त्याला खोटं म्हणायचं का? माझ्या मते नाही. पण तेच मी आज, कागद हातात असताना सांगितलं तर ते खोटं होईल. त्याला जे शोभलं ते मला शोभत नाही. सगळं बघून आलेल्या माणसाचा तो हक्क होता, मी नुसते फोटो बघितलेला.

फलकावर मी चौथी मराठा बटालियन, सांगशाक, १९४४ एवढंच लिहायला लावलं. चुलतभाऊ दोन महिने बोलला नाही. गाव अजून छत्रीवालेच म्हणतं, आणि म्हणेना का. नाव गावानं ठेवलंय, ते काढायचा अधिकार माझा नाही.

त्या दोस्ताचा पोरगा, नाना, आता चौऱ्याऐंशीचा आहे. बाप गेला तेव्हा चार वर्षांचा. मी आणि लेक यादीतलं पान छापून घेऊन गेलो. ठरवून गेलो होतो की कागद द्यायचा, कागद म्हणतो तेवढं सांगायचं, आपण होऊन अंदाज काढायचा नाही. पण विचारलं तर लपवायचं नाही.

नानानं विचारलंच. "त्या रातीचं काय लिवलंय?"

मी सांगितलं. टेकाड, पाणी, छत्र्या, निघून जायचा हुकूम. मागं ठेवलेले जखमी, हेही सांगितलं. नाना छापलेल्या पानावरनं बोट फिरवत होता. आईचं नाव इंग्रजीत कुठलं ते लेकीनं दाखवलं, तिथं बोट थांबलं.

"तुझा आजा जवारी आणायचा ती त्येच्यापायी म्हनतोस?"

"ठाऊक न्हाई नाना. कागदात न्हाई."

"आन मांडीवर डोस्कं व्हतं म्हनायचा ते?"

"तेबी न्हाई कागदात. व्हतं का नव्हतं, कायच न्हाई."

बराच वेळ गेला. सुनेनं चहा आणला. मी पुस्तकात हे लिहितोय, लिहू का, असं विचारलं. नाना म्हणाला, "लिव. पर दोनीबी लिव. आईनं सांगितल्यालं आदी." मग म्हणाला, "तारीक काय म्हनलास?"

"सत्तावीस मार्च. पर ती हजेरीची तारीक आसंल, नाना."

त्यांच्या घरात बापाची तिथी माहीत नव्हती. ऐंशी वर्षं सर्वपित्रीलाच घास टाकत आलेत. लेकीनं मोबाईलवर त्या सालचं पंचांग काढलं. चैत्र शुद्ध तृतीया. पाडवा होऊन दोनच दिवस झालेले.

"आसू दे हजेरीची," नाना म्हणाला आणि सुनेला हाक मारून भिंतीवरच्या कॅलेंडरात चैत्र कुठल्या महिन्यात येतो ते बघायला सांगितलं.