आधी नंबर वाचा, मग भाव बोला

वह्या बंद करा आणि इकडे बघा. तुम्ही लिहून दिलेले अहवाल मी काल रात्री वाचले. त्यातल्या एकाही अहवालावर सही करायची माझी तयारी नाही.

काम काही अवघड नव्हतं. १९६१ सालच्या जॅग्वार ई-टाइपचे फोटो आणि कागद तुमच्या हाती दिले होते. गाडी कितपत मूळ अवस्थेत आहे ते तपासा आणि मग तिच्या मोलाबद्दल लिहा, एवढंच सांगितलं होतं. तुम्ही काय केलंत? पहिल्या ओळीत किंमत लिहिलीत आणि दुसऱ्या ओळीत ‘शंभर टक्के ओरिजिनल’ असं ठोकून दिलंत. आधी कळस, मग पाया! कशाच्या जोरावर लिहिलंत हे? रंगात तोंड दिसतं म्हणून? क्रोम चकचकीत आहे म्हणून? की गाडी विकणाऱ्यानं सोबत दिलेल्या पत्रकात तसं छापलं होतं म्हणून? विकणारा त्याची गाडी विकतो आहे. ती तपासायला त्यानं तुम्हाला पैसे दिलेले नाहीत. तुमचं काम घेणाऱ्याच्या बाजूनं, खरं म्हणजे त्या गाडीच्या बाजूनं पाहण्याचं आहे.

चौथा फोटो परत काढा. उजव्या बाजूच्या डॅम्परच्या वर पुढच्या फ्रेमवर नंबर ठोकलेला आहे. मोठ्यानं वाचा. आठशे पंचाहत्तरनं सुरू होतो, बरोबर? आता सातवा फोटो बघा. स्टिअरिंग कुठं आहे? उजवीकडे. कारखान्यानं उजव्या स्टिअरिंगच्या उघड्या गाड्यांना ८५०००१ पासून नंबर दिले आणि डाव्या स्टिअरिंगच्या उघड्या गाड्यांना ८७५००१ पासून. बंद कूपेंसाठी हेच आकडे ८६०००१ आणि ८८५००१ असे आहेत. हे सगळं मी फळ्यावर लिहून दिलं होतं, तुम्ही ते वहीत उतरवूनही घेतलं होतं. म्हणजे ही गाडी कोव्हेंट्रीच्या कारखान्यातून डाव्या स्टिअरिंगची म्हणून बाहेर पडली आणि पुढं कधीतरी कुणीतरी तिचं स्टिअरिंग फिरवलं. ई-टाइप मोठ्या संख्येनं अमेरिकेत गेल्या. त्यातल्या कितीतरी गाड्या नंतर इंग्लंडला परत आल्या आणि तिथल्या रस्त्यांसाठी त्यांची स्टिअरिंग बदलली गेली. बदल करणं हा गुन्हा नाही. पण मुळातच उजव्या स्टिअरिंगची असलेली सुरुवातीची उघडी गाडी फार दुर्मीळ, आणि बदल केलेली गाडी तिच्या भावानं घेणारा माणूस हकनाक फसतो. तो तुमच्या सहीवर विश्वास ठेवून फसणार आहे, हे लक्षात येतंय का?

एकानं लिहिलं आहे, ‘बोनेटची कुलपं बाहेरून आहेत, त्यामुळे गाडी पहिल्या पाचशेंतली.’ बाहेरच्या कुलपांची माहिती बरोबर. सुरुवातीच्या सुमारे ५०० गाड्यांना ती होती, आणि दुसरी खूण, म्हणजे सपाट तळ, १९६२च्या सुरुवातीपर्यंतच्या गाड्यांना होती. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चूक. बोनेट बदलता येतं, कुलपं विकत मिळतात आणि पत्रा कापून तळ बदलून देणारे कारागीरही आहेत. ज्या खुणेमुळे भाव वाढतो, ती खूण बाजारात मागाहून तयार होऊ लागते. म्हणून एकट्या खुणेला किंमत नाही. ती खूण त्या नंबराच्या गाडीवर असायला हवी का, आणि त्या काळच्या बाकीच्या खुणा तिच्याशी जुळतात का, हे पाहायचं असतं. इंजिनाचा नंबर ब्लॉकवर ऑइल फिल्टरच्या वर असतो आणि हेडवरही असतो. दोन्ही जुळतात का, हे किती जणांनी पाहिलं? एकानंही नाही. तो फोटो मी मुद्दाम मोठा करून दिला होता. नंबराभोवतीचं ओतीव लोखंड खडबडीत आहे की कुणी घासून गुळगुळीत केलंय, हे त्यात साध्या डोळ्यांना दिसतं. आकड्यांचे पंच एका ओळीत पडलेत की वरखाली, तेही दिसतं. जॅग्वारच्या हेरिटेज ट्रस्टकडून कारखान्याच्या जुन्या खात्यांवरून दाखला मिळतो. त्यात चासी, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्स यांचे नंबर, मूळ रंग आणि गाडी पहिल्यांदा कोणत्या विक्रेत्याकडे गेली ते असतं. तो दाखला तुमच्या कागदांत तिसऱ्या पानावर होता. पान उलटायचे कष्टही घेतले नाहीत तुम्ही.

आता लोहचुंबकाचं प्रकरण. मागच्या आठवड्यात एकानं मला छातीठोकपणे सांगितलं की एका एक्सके १२० मध्ये ढीगभर पुट्टी भरलेली आहे, कारण बोनेटला चुंबक चिकटत नाही. बाळा, एक्सके १२० लंडनच्या मोटर शोमध्ये १९४८ साली आली, तेव्हा एवढी मागणी येईल असं कारखान्याला वाटलंच नव्हतं. म्हणून सुरुवातीच्या सुमारे २४० गाड्यांची बॉडी अॅश लाकडाच्या सांगाड्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा बसवून बनवली. १९५० पासून पोलादी बॉडी आली, पण दरवाजे, बोनेट आणि डिकीचं झाकण त्यानंतरही अॅल्युमिनियमचंच राहिलं. म्हणजे बोनेटला चुंबक लावून तू काहीच सिद्ध केलं नाहीस. दोन्ही प्रकारच्या गाड्यांवर तो तिथं चिकटणार नाही. लावायचा असेल तर चाकांवरच्या मडगार्डला लाव. तिथं चिकटला तर पोलाद, न चिकटला तर एकतर अॅल्युमिनियम किंवा खाली जाड पुट्टी. या दोन्हींपैकी काय हे सांगायला मग आतल्या बाजूनं हात घालून पत्रा चाचपावा लागतो, टिचकी मारून आवाज ऐकावा लागतो. चुंबक हातात आला म्हणून अक्कल हातात येत नाही. आणि त्या गाडीच्या मालकाला तू तोंडावर सांगून आलास की तिच्यात पुट्टी भरली आहे. उद्या जाऊन त्याची माफी माग.

‘मूळ’ आणि ‘अस्सल’ हे दोन शब्द तुम्ही सरसकट एकमेकांच्या जागी वापरलेत. यावर लंडनच्या उच्च न्यायालयात १९९० साली खटला चालला आहे. बेंटलीची स्पीड सिक्स गाडी, ‘ओल्ड नंबर वन’ नावाची. १९२९ साली वूल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन यांनी, १९३० साली बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन यांनी ती चालवून ल माँची शर्यत जिंकली. १९३२ मध्ये ब्रुकलंड्सच्या मार्गावर तिचा भीषण अपघात झाला, चालक क्लाइव्ह डन्फी मरण पावला. नंतर तिची नवी बॉडी बांधली गेली. एक कोटी पौंडांचा सौदा ठरल्यावर खरेदीदार मागं हटला. त्याचं म्हणणं असं, की शर्यत जिंकलेली गाडी ही नव्हेच, त्या गाडीतलं जवळजवळ काहीच हिच्यात उरलेलं नाही. न्यायमूर्ती ऑटन यांनी एकेका भागाची छाननी केली. १९२९च्या गाडीचं म्हणता येईल असं जवळपास काही उरलं नाही आणि १९३०च्या गाडीचेही थोडेच भाग आहेत, हे त्यांनी मान्य केलं. तरीही गाडीचं अस्तित्व कुठंही तुटलेलं नाही, तिच्या जागी दुसरी गाडी कधी उभी केली गेलेली नाही, म्हणून ती अस्सल ओल्ड नंबर वनच आहे असा निकाल त्यांनी दिला. खरेदीदाराला सौदा पाळावा लागला. तो निकाल उभा राहिला तो दुरुस्त्या, अपघात आणि मालकी यांच्या सलग नोंदींवर. तुमच्या अहवालांत १९६१ ते आजपर्यंतच्या मालकांचा एक शब्द नाही. गाडी मधली कितीतरी वर्षं कुठं होती, हे विचारावंसंही कुणाला वाटलं नाही.

आणि चकाकीचं म्हणाल, तर २०२३ च्या ऑगस्टमध्ये मॉन्टेरेच्या लिलावात १९५४ सालची फेरारी ५०० मोन्दियाल विकली गेली. शर्यतीत अपघात होऊन जळालेला, चेपलेला, गंजलेला सांगाडा. रंग नाही, आकार नाही. १८ लाख ७५ हजार डॉलर मिळाले, कारण नंबर खरा होता आणि इतिहास ठाऊक होता. मॅगिओरे तळ्याच्या स्वित्झर्लंडमधल्या भागात तळाशी कित्येक दशकं पडलेली १९२५ सालची बुगाटी ब्रेशिया २००९ मध्ये वर काढली आणि पुढच्या वर्षी पॅरिसला विकली. घेणाऱ्या संग्राहकानं ती घासूनपुसून नवी केली नाही. गंजलेली, अर्धी विरघळलेली आहे तशीच मांडली. हे धाडस तुमच्यातल्या किती जणांना झालं असतं? तुम्ही पहिल्याच दिवशी वाळूकागद घेऊन बसला असता. कारखान्याचा पहिला रंग, साठ वर्षांचं चामडं, पहिल्या कारागिराची शिवण, हे एकदा खरवडून टाकलंत की जगातला कोणताही कारागीर ते परत आणू शकत नाही.

दुरुस्ती करूच नका असं मी म्हणत नाही. पोर्शे ९०१ चा ५७ नंबर २०१४ मध्ये जर्मनीतल्या एका कोठारात सापडला. पुढचे दोन्ही मडगार्ड नव्हतेच. ही गाडी खरंच ९०१ आहे का, याची शहानिशा पोर्शेच्या संग्रहालयानं आधी केली. मग तीन वर्षं काम चाललं, आणि गेलेले भाग त्याच काळातल्या गाडीचे शोधून आणले. डिसेंबर २०१७ मध्ये ती लोकांसमोर आली. काय जुनं ठेवलं, काय बाहेरून आणलं, हे त्यांनी उघड सांगितलं. सांगण्याची लाज वाटत नसेल तर दुरुस्तीत कमीपणा नाही.

हे सगळं विलायतेतलं, आपल्याला काय करायचं, असं मनात आणू नका. आपल्याकडे २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. त्याची अट अशी की गाडी मूळ स्वरूपात राखलेली हवी. चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले नसावेत. मुंबई-पुण्याच्या गॅरेजांत बारकाईनं पाहणाऱ्या माणसांची गरज आहे. तिथं तुम्ही असे अहवाल घेऊन गेलात तर एखाद्याची पिढ्यान्पिढ्या जपलेली गाडी खोटी ठरवाल आणि एखादी बनावट गाडी खरी ठरवाल. सोनारसुद्धा दागिना आधी कसोटीवर घासतो आणि मग भाव सांगतो.

मी रागावलो आहे, कारण तुमच्यातल्या चार-पाच जणांची नजर खरोखर चांगली आहे आणि ती तुम्ही आळसात घालवता आहात. या गाड्या पुन्हा बनणार नाहीत. त्यांच्याविषयी खोटं लिहिलेला प्रत्येक कागद पुढच्या तपासणाऱ्यासाठी खोटा पुरावा होऊन बसतो.

अहवाल परत न्या. किमतीचा रकाना कोरा सोडा. प्रत्येक नंबर स्वतःच्या हातानं लिहा आणि तो कुठं पाहिला ते त्याच्यापुढं लिहा. जे पाहायला मिळालं नाही तिथं ‘पाहिलं नाही’ असं स्पष्ट लिहा. स्टिअरिंग बदललेलं आहे हे पहिल्या पानावर यायला हवं. सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर ठेवा. किमतीबद्दल आपण त्यानंतर बोलू.