अनोळख्याची पंगत

माणसानें कोणाबरोबर जेवावें, हा प्रश्न आपल्या देशांत केवळ पोटाचा कधींच नव्हता. कोणाशीं व्यापार करावा, कोणाबरोबर प्रवास करावा, या बाबतींत आपले पूर्वज पुष्कळ उदार असत. पण पानें मांडण्याची वेळ आली म्हणजे तो उदारपणा ओसरीवरच थांबे. म्हणून हल्लीं मोठ्या शहरांतून जी एक नवी रीत निघाली आहे, तिचा विचार खेड्यांतील वाचकांनींहि करणें अगत्याचें आहे.

ती रीत अशी. एखादें कुटुंब आपल्या राहत्या घरांत थोड्या पाहुण्यांची पंगत ठरवितें. पाहुणे यजमानांस ओळखत नाहींत आणि एकमेकांसहि ओळखत नाहींत. प्रत्येकानें आगाऊ पैसे भरावयाचे, ठरल्या वेळीं यावयाचें, आणि त्या घरची जी रांधणी असेल ती सर्वांनीं एकत्र बसून खावयाची. मुंबईंत मुनाफ कपाडिया या दाऊदी बोहरा तरुणानें २०१४ सालाच्या सुमारास आईच्या हातचें जेवण आपल्या घरीं अनोळखी लोकांस वाढण्यास आरंभ केला, व ‘द बोहरी किचन’ या नांवानें तो उपक्रम प्रसिद्धीस आला. बोहरा लोकांत एकाच मोठ्या थाळाभोंवतीं बसून सर्वांनीं त्यांतूनच जेवण्याची चाल आहे. आरंभीं चिमूटभर मीठ चाखतात. ज्यांनीं त्या समाजाचें घर आंतून कधीं पाहिलें नव्हतें, असेहि लोक त्या थाळाभोंवतीं बसले.

यावर कोणी म्हणेल, पैसे घेऊन वाढलेलें अन्न तें आतिथ्य कसलें? ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि. आगाऊ पैसे भरून वेळेवर येणारा तो गिऱ्हाईक, आणि तें घर म्हणजे खाणावळ. हा आक्षेप वजनदार आहे. परंतु खाणावळ हा शब्द खरोखर हिणवण्याजोगा आहे काय, हें आधीं पाहूं.

कोंकणांतून व घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत गेलेले हजारों पुरुष बायकामुलें गांवीं ठेवून एकेका खोलींत दाटीवाटीनें राहत. त्यांस जेवूं घालणाऱ्या बाया गिरणगांवच्या चाळींत आपल्याच खोलींत चूल पेटवीत व महिन्याच्या हिशेबानें पैसे घेत. १९७५ सालीं प्रेमाताई पुरव यांनीं या बायांचें ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन केलें, आणि सावकाराच्या व्याजांत रुतलेल्या त्या बायांस बँकेचें कर्ज मिळवून दिलें. गिरण्यांत संप होऊन पगार थांबले, तेव्हां यांपैकीं कित्येकींनीं उधारीवर जेवण चालूं ठेविलें व त्यापायीं स्वतः कर्ज डोक्यावर घेतलें.

आतां वाचकांनीं विचार करावा. पैसा घेतला म्हणून आतिथ्य नाहींसें होत असतें, तर पैसा थांबतांच ताटहि थांबावयास हवें होतें. तें थांबलें नाहीं. उलट, एक पैहि न घेतां मांडवांत शेंकडों पानें वाढलीं जात, आणि त्याच मांडवाबाहेर उष्ट्यासाठीं माणसें ताटकळत बसत, असे समारंभ आपल्या गांवांनीं पिढ्यान् पिढ्या पाहिले आहेत. तेथें पैसा नव्हता. पण आतिथ्यहि नव्हतें. तेव्हां पैसा ही खरी कसोटी नव्हे. मला तीन कसोट्या सुचतात.

पहिली कसोटी दाराची. दारावर कोणास व कशासाठीं अडविलें जातें? घरांत बायकामुलें असतां अनोळख्यास आंत घेणाऱ्या यजमानानें आधीं चार प्रश्न विचारावे, यांत गैर कांहीं नाहीं. तो विवेक आहे. पण येणारा माणूस कसा आहे असें विचारणें वेगळें, आणि तो कोणाचा आहे असें विचारणें वेगळें. पहिल्या प्रश्नाचें उत्तर माणसाच्या वर्तनावर अवलंबून असतें. दुसऱ्याचें उत्तर त्याच्या जन्माबरोबरच ठरलेलें असतें, व तें बदलणें त्याच्या हातीं नसतें. येथें आणखी एक भेद ध्यानांत ठेवावा. पनवेलच्या आसपास पिढ्यान् पिढ्या राहिलेले बेने इस्राएल लोक तेलाच्या घाण्याचा धंदा करीत व शनिवारीं काम बंद ठेवीत. म्हणून त्यांस शनिवार तेली म्हणत. आपल्या शास्त्राप्रमाणें ते कित्येक पदार्थ वर्ज्य मानीत. त्यांत शेजाऱ्याचा अपमान नव्हता. पदार्थ वर्ज्य करणें हा नेमधर्म होय. तोच पदार्थ अमुक हातचा म्हणून वर्ज्य करणें हा माणसाचा धिक्कार होय.

दुसरी कसोटी दुसऱ्या दिवसाची. काल कोणाबरोबर जेवलों, हें आज चारचौघांत सांगतां येतें काय? मुंबईंत दादोबा पांडुरंग तर्खडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १८४९ सालीं परमहंस सभा स्थापिली. जातिभेद आपण मानीत नाहीं याची साक्ष म्हणून सभासदास ख्रिस्ती माणसानें भाजलेला पाव खावा लागे. पण तें सर्व गुप्तपणें चाले. आणि १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस जाऊन नांवें उघड होतील अशी धास्ती पडतांच सभा मोडली. पुढें ऑक्टोबर १८९० मध्यें पुण्याच्या पंचहौद मिशनांत रानडे, टिळक आदि मंडळी व्याख्यानास गेलीं असतां त्यांच्यापुढें चहा-बिस्किटें आलीं. गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें छापविलीं, ग्रामण्य माजलें, आणि १८९२ सालीं न्यायमूर्ति रानड्यांनीं प्रायश्चित्त घेतलें. आज त्यांस हंसणें सोपें आहे. परंतु त्या काळीं वाळींत पडलेल्याच्या घरीं कार्यास भटजी मिळत नसे व सासरीं गेलेल्या लेकीस माहेरचें दार बंद होई. अंत्युखियांत पेत्राचेंहि असेंच झालें. तो परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे. पण यरुशलेमेहून माणसें येतांच भिऊन मागें सरला, आणि पौलानें त्यास तोंडावर दोष दिला. जेवतांना लागतें त्याहून अधिक धैर्य जेवल्याचें कबूल करतांना लागतें.

तिसरी कसोटी परतीची. आज जो आपल्यास वाढतो, त्यास उद्यां आपण आपल्या घरीं वाढतों काय? रत्नागिरीस सावरकरांनीं सहभोजनें घडविलीं, व १९३३ सालीं तेथें सर्व हिंदूंस खुलें असें उपाहारगृह निघालें. परंतु डॉक्टर आंबेडकरांनीं जातिनिर्मूलनावरील आपल्या १९३६ सालच्या, न झालेल्या परंतु छापून प्रसिद्ध केलेल्या भाषणांत बजाविलें कीं, सहभोजनानें जातिभेद मेला नाहीं. रक्ताचें नातें जुळल्यावांचून तो मरणार नाहीं. एका रात्रीच्या जेवणाकडून आपण फार मोठी आशा करूं नये, हें त्यांचें म्हणणें अनुभवास उतरलें आहे.

आमच्या पनवेलकडे पाहावें. २०१६ सालीं येथें महानगरपालिका झाली. ऑक्टोबर २०२५ मध्यें जवळच विमानतळाचें उद्‌घाटन झालें. खारघर, कामोठें, कळंबोली येथील उंच इमारतींतून घाटावरचा, कोंकणचा, उत्तरेकडचा व दक्षिणेकडचा माणूस एकाच जिन्यानें चढतो-उतरतो. आणि त्याच काळीं शहरांत भाड्यानें जागा मागणाऱ्यास, तुम्ही घरांत काय शिजवितां, असा प्रश्न होतो. वरवर तो पदार्थासंबंधीं दिसतो. पुष्कळदां आंतून तो हातासंबंधीं असतो. जो मनुष्य परक्याच्या थाळाची वाहवा करितो आणि त्याच परक्यास आपल्या मजल्यावर राहूं देत नाहीं, त्यानें चव घेतली. माणूस घेतला नाहीं.

तरीहि मी या नव्या पंगतीस व्यर्थ म्हणणार नाहीं. शेजारी बसलेल्यास मीठ पुढें करतांना माणूस त्याचें नांव विचारतो, आणि ज्याचें नांव ठाऊक झालें त्याचा तिरस्कार करणें थोडें अवघड होतें. एवढाच तिचा उपयोग आहे. पण तो उपयोग खरा आहे.

उपदेशकबंधूंनो, ही गोष्ट शहरी लोकांवर सोडून मोकळें होतां येणार नाहीं. आपल्या मंडळ्यांत प्रीतिभोजनें होतात, सर्व एका सतरंजीवर बसतात, आणि तरीहि कित्येक ठिकाणीं अमक्या वाड्यांतल्या घरीं चहा घेण्याचें टळतें. तें घर कोणतें, हें आपल्यास कोणी सांगावें लागत नाहीं. भेटीस गेल्यावर, आतांच घेऊन आलों, असें जेथें आपण नेहमीं म्हणतों तेंच तें घर. येत्या भेटीच्या दिवशीं तेथें जेवणाच्या वेळेस जावें, वाढलेलें मागून घ्यावें, आणि निघतांना त्या कुटुंबास आपल्या घरीं येण्याचा दिवस ठरवून द्यावा.