निष्ठा आणि प्रमाण

एखादी गोष्ट खरी आहे अशी आपल्या मनाची खात्री होणें आणि ती खरी आहे असें सिद्ध होणें, या दोहोंमध्यें अंतर आहे हें कोणाहि सुशिक्षित मनुष्यास सांगावयास नको. तर्कशास्त्राच्या पहिल्याच पाठांत तें शिकवितात, आणि परीक्षेच्या कागदावर सर्वजण तें बरोबर लिहितात. परंतु कागदावर जें अंतर स्पष्ट दिसतें तें आयुष्यांत पुसट होतें. आणि जिच्यावर आपला प्राण अवलंबून आहे अशा गोष्टीच्या बाबतींत तर तें मुळींच दिसेनासें होतें. तेव्हां निष्ठा आणि प्रमाण यांचीं क्षेत्रें कोणतीं, आणि एकानें दुसऱ्याच्या हद्दींत पाऊल टाकल्यास नीतीच्या दृष्टीनें काय बिघडतें, हा प्रश्न केवळ पंडितांचा नाहीं. तो घराघरांतला आहे. त्याचा विचार करण्यास राल्फ स्टाइनमन या संशोधकाचें चरित्र आम्हांस फार उपयोगी वाटतें.

स्टाइनमन यांच्या संशोधनाचा आरंभ प्लीहेपासून झाला. आपल्याकडे प्लीहेस पानथरी म्हणतात. हिवताप वारंवार आला म्हणजे पोटाच्या डाव्या बाजूस पानथरी वाढून हातास लागे. त्यामुळें आपल्या घरांत तिची ओळख बहुधा रोगाच्या निमित्तानेंच होई. आयुर्वेदानें तिला यकृताबरोबर रक्तवह स्रोतसांचें मूळ मानिलें; आधुनिक शारीरशास्त्राच्या दृष्टीनें ती रक्ताची गाळणी आहे. जीर्ण झालेल्या तांबड्या पेशी ती वेगळ्या काढते, आणि रक्तांतून वाहत आलेल्या रोगजंतूंची झडती तिच्यांत होते. म्हणूनच शरीराचें रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींची तेथें दाटी असते.

१९४३ सालीं कॅनडांत मॉन्ट्रिऑल येथें जन्मलेले स्टाइनमन हार्वर्ड येथें वैद्यकाची पदवी घेऊन १९७० सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठांत झॅनविल कोन यांच्या प्रयोगशाळेंत आले. रोगाचा प्रतिकार करणाऱ्या लिंफोसाइट नांवाच्या पेशी तेव्हां ठाऊक झालेल्या होत्या. पण त्यांस जागें कोण करतें, आपला कोण आणि परका कोण हें त्यांस कोण दाखवितें, याचा उलगडा झालेला नव्हता. उंदराच्या पानथरींतील पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां पाहतां स्टाइनमन यांस त्यांत एक निराळीच पेशी दिसली. झाडास फांद्या फुटाव्या तसे तिला फांटे होते, आणि ते फांटे ती एकसारखे पसरीत व आवरीत होती. झाडास ग्रीक भाषेंत जो शब्द आहे त्यावरून त्यांनीं तिला डेंड्रिटिक पेशी असें नांव दिलें. आपण तिला शाखापेशी म्हणूं. हा शोध १९७३ सालीं प्रसिद्ध झाला. पानथरींतील शंभर पेशींत अशी पेशी एखादीच.

या शोधाकडे बहुतेकांनीं पाठच फिरविली. ही नवी पेशी नव्हेच, जंतूंस गिळणाऱ्या जुन्याच भक्षक पेशीचें हें एक रूप असावें, असें पुष्कळांचें मत पडलें. पेशी विरळ, आणि ती इतरांपासून वेगळी काढणें कठीण. त्यामुळें शंकेस जागाहि होती. १९७८ सालीं स्टाइनमन व मार्गिट विटमर यांनीं दाखवून दिलें कीं, परक्या पेशींविरुद्ध लिंफोसाइटांस चेतविण्याच्या कामीं ही शाखापेशी इतर पेशींपेक्षां निदान शंभरपट प्रभावी आहे. तरीहि सार्वत्रिक मान्यता मिळण्यास आणखी बरींच वर्षें लागलीं. १९९२ च्या सुमारास या पेशी प्रयोगशाळेंत मोठ्या संख्येनें वाढवितां येऊं लागल्या, आणि मग ठिकठिकाणचे संशोधक त्यांच्या अभ्यासास लागले.

इतकीं वर्षें हा मनुष्य कशाच्या बळावर टिकला? निष्ठेच्या बळावर, हें उघड आहे. पण येथें एक आक्षेप निघतो. 'जग मानीत नाहीं तें मी मानीत आहें,' असें प्रत्येक हेकट मनुष्यहि म्हणतो. परीस सांपडल्याचा दावा करणाराहि गॅलिलिओचें नांव घेतो. मग संशोधकाची निष्ठा आणि हेकटाचा हेका यांत फरक कोणता? चिकाटी दोघांची सारखीच, एकटेपणाहि सारखाच. आम्हांस फरक एवढाच दिसतो, पण तो जमीनअस्मानाचा आहे: हेकटास संमति हवी असते, संशोधकास कसोटी हवी असते. पहिला म्हणतो, 'माझ्यावर विश्वास ठेवा'. दुसरा म्हणतो, 'असें असें करा, आणि काय दिसतें तें तुम्हीच पाहा.' निष्ठा संशोधकास प्रयोगाच्या मेजापाशीं बसवून ठेवते. परंतु प्रयोगाच्या वहीस तो तिला हात लावूं देत नाहीं.

उंदराच्या पानथरीचा प्रश्न होता तोंवर हें अंतर राखणें त्या मानानें सोपें होतें. २००७ सालीं स्टाइनमन यांस स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचें निघालें. हा रोग असा कीं, बहुतेक रोगी वर्ष-दीड वर्षांत दगावतात. शस्त्रक्रिया व केमोथेरपी यांबरोबरच त्यांनीं कांहीं प्रायोगिक उपचार घेतले, आणि त्यांत त्यांच्या स्वतःच्याच शोधावर आधारलेल्या लसी होत्या. रोग्याच्या रक्तापासून शाखापेशी तयार करावयाच्या, त्यांस त्याच्याच अर्बुदाची ओळख करून द्यावयाची, आणि त्या पुनः शरीरांत सोडावयाच्या, म्हणजे त्या लिंफोसाइटांस शत्रु दाखवितील, अशी ही कल्पना. उपचार रीतसर परवानगीनें झाले. पण ज्यानें शोध लाविला आणि ज्यावर त्या शोधाचा प्रयोग होत होता तो मनुष्य एकच होता. ते सुमारें साडेचार वर्षें जगले व काम करीत राहिले. ३० सप्टेंबर २०११ रोजीं त्यांचा अंत झाला. ३ ऑक्टोबर रोजीं स्टॉकहोम येथें नोबेल पारितोषिक जाहीर झालें: अर्धें स्टाइनमन यांस, अर्धें ब्रूस ब्यूटलर व ज्यूल्स हॉफमन यांस. मृतास पारितोषिक देऊं नये असा नियम आहे. पण मृत्यूची वार्ता निवड करणारांस ठाऊकच नव्हती, निर्णय सद्भावनेनें झालेला होता, म्हणून तो कायम ठेवण्यांत आला.

या हकीकतीवरून दोन अनुमानें काढण्याचा मोह होतो. एक असें कीं, ज्या पेशीसाठीं त्यांनीं जन्म वेंचला तिनेंच त्यांस साडेचार वर्षें दिलीं. दुसरें असें कीं, अखेर मनुष्य गेलाच, मग उपचाराचा उपयोग काय? हीं दोन्ही अनुमानें आमच्या मतें सारखींच निराधार आहेत. एका रोग्यानें शस्त्रक्रिया करविली, केमोथेरपी घेतली, आणि एकाहून अधिक लसी टोंचून घेतल्या. त्यांपैकीं कशानें किती दिवस वाढले, किंवा लसी घेतल्या नसत्या तर तो किती जगला असता, हें ताडून पाहण्यास दुसरा स्टाइनमन कोठून आणावयाचा?

याच्या शेजारीं दुसरी एक गोष्ट ठेवून पाहावी. रोग्याच्या स्वतःच्या पेशींस रोगाची ओळख करून द्यावी, याच तत्त्वावरील एक उपचार प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाकरितां अमेरिकेंत २०१० सालीं मान्य झाला. रोग बळावलेल्या ५१२ पुरुषांवर त्याची परीक्षा झाली. कोणास खरा उपचार द्यावयाचा आणि कोणास नुसता त्यासारखा दिसणारा, हें चिठ्ठ्या टाकाव्या तसें दैवावर सोंपविलें होतें. दोन्ही गटांच्या आयुष्याचें मध्यमान काढतां फरक निघाला सुमारें चार महिन्यांचा. साडेचार वर्षें कोठें आणि चार महिने कोठें! परंतु तीं साडेचार वर्षें कांहींच सिद्ध करीत नाहींत, आणि हे चार महिने करतात. मनास हें रुचत नाहीं. कारण मनास गोष्ट हवी असते, आणि गोष्टीला एक नायक पुरतो.

मग स्टाइनमन यांनीं स्वतःवर हा प्रयोग होऊं दिला हें गैर झालें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्याची सिद्धता झालेली नाहीं असा उपचार जाणूनबुजून, परवानगीनें, स्वतःच्या देहावर घेण्याचा हक्क मरणाच्या दारीं उभ्या असलेल्या मनुष्यास असला पाहिजे. कोणी म्हणेल, त्यांच्यापाशीं प्रयोगशाळा होती, विद्वान् स्नेही होते. साध्या कारकुनास हें कोठून मिळणार? हा आक्षेप खरा आहे, आणि तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. पण एकाचा मार्ग बंद केल्यानें कारकुनाचा मार्ग मोकळा होत नाहीं. जे उपचार खरोखर गुणकारी ठरतील ते सर्वांस मिळावे हेंच त्याचें उत्तर. आणि कोणते गुणकारी हें कळण्यास पुनः त्या ५१२ पुरुषांचीच वाट धरावी लागते. देह ज्याचा त्याचा असतो. निष्कर्ष सर्वांचा असतो. देहाच्या बाबतींत मनुष्यानें निष्ठेवर चालावें, निष्कर्षाच्या बाबतींत चालूं नये.

आपल्या घरीं हाच प्रसंग निराळ्या वेषांत येतो. कोणास दुर्धर रोग झाला कीं समाचारास येणारा प्रत्येकजण 'अमक्याला अमक्याचा गुण आला' असें सांगून जातो. रोगी डॉक्टरांचें औषध घेतो, वैद्याचा काढा घेतो, पथ्य पाळतो, नवसहि बोलतो; आणि बरा झाला म्हणजे या चारांपैकीं ज्यावर त्याचा जीव असेल त्याच्या पदरीं श्रेय टाकतो. येथवर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. बिघडतें तें पुढें, जेव्हां तो आपला अनुभव शेजाऱ्यास प्रमाण म्हणून देतो आणि शेजारी त्यापायीं शस्त्रक्रिया लांबणीवर टाकतो. गुण आलेला मनुष्य खोटें बोलत नसतो, हेंच यांतलें दुःख आहे. तो प्रामाणिकपणेंच दुसऱ्याचा घात करतो. म्हणून नुसता प्रामाणिकपणा पुरा पडत नाहीं. आपण जें जाणतों तें कशाच्या आधारावर जाणतों, हें स्वतःस विचारण्याची संवय हाहि नीतीचाच भाग आहे असें आम्हांस वाटतें.

शाखापेशीस आज वैद्यकांत जें स्थान आहे तें तिच्या शोधकाच्या मरणानें किंवा पारितोषिकानें मिळालेलें नाहीं. ज्यांनीं ज्यांनीं शंका घेतली त्यांस तपासून पाहतां येईल अशा रीतीनें ती पुढें ठेवण्यांत आली, म्हणून तें मिळालें. स्टाइनमन यांच्या अखेरच्या साडेचार वर्षांचें स्मरण आपण आदरानें करावें, त्यांवरून आशाहि बाळगावी. पण एखादा रोगी आपला हात धरून 'या उपचारानें मी जगेन काय?' असें विचारूं लागला, तर त्यास त्या वर्षांचा दाखला देऊं नये. जेवढें मोजून कळलें आहे तेवढेंच सांगावें, आणि मग त्याच्याजवळ बसून राहावें.